‘मी’ म्हणजे कोण: हिब्रूत पहिलं पुस्तक लिहून छापेपर्यंत

हिब्रूत ‘मी’ म्हणजे ‘कोण?’ आणि ‘अनी’ म्हणजे ‘मी’. मराठीत वाढलेल्या माणसाला उल्पानच्या, म्हणजे हिब्रू वर्गाच्या, पहिल्याच आठवड्यात ही गंमत कळते आणि तो हसून सोडून देतो. पुढे कधी हिब्रूत गोष्ट लिहायला बसला की तीच गंमत पानोपानी आडवी येते.

मराठी घरातून येऊन हिब्रूत लिहू पाहणाऱ्या दोघी-तिघींनी अलीकडे मला सारखेच प्रश्न विचारले. सुरुवात कुठून करायची, खर्च किती येतो, कुठले कागद लागतात? उत्तरं तुकड्यातुकड्यांनी देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. माझं पुस्तक असं: बारा गोष्टी, १२८ पानं, २०० प्रती. पहिलं वाक्य लिहिलं सप्टेंबर २०२१ मध्ये, आणि यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दोन प्रती पोचल्या मे २०२५ मध्ये. तेव्हा मला इस्राएलमध्ये येऊन तेरा वर्षं झाली होती. त्याआधी लिहायला घेतलं असतं तर जमलं नसतं, असं आता वाटतं.

लेखक सामी मिखाएल मूळचे बगदादचे, इस्राएलमध्ये १९४९ साली आले. अरबीत लिहिणारा हा माणूस, त्यांची पहिली हिब्रू कादंबरी निघाली १९७४ साली. मध्ये पंचवीस वर्षं गेली. अहरोन आपेलफेल्ड यांची मातृभाषा जर्मन. ते १९४६ साली आले, पहिला कथासंग्रह १९६२ चा. समीर नक्काश तर १९५१ साली बगदादहून येऊन २००४ साली वारले, तोवर अरबीतच लिहीत राहिले. अंतोन शम्मास आणि सय्यद काशुआ यांची गोष्ट वेगळी. ते याच मातीतले अरब, बाहेरून आलेले नाहीत, तरी कादंबऱ्या हिब्रूत लिहिल्या. आकडे एवढ्यासाठी दिले की दोन वर्षांत जमलं नाही म्हणून कुणी वही मिटू नये.

उल्पानचं थोडक्यात. पहिला ‘अलेफ’ टप्पा साधारण पाच महिन्यांचा, आठवड्याला पाच दिवस, दिवसाला पाच तास, मिळून सुमारे ५०० तास. नवागतांना तो फुकट असतो. त्यातून दूधवाला, बँक, दवाखाना सुटतात. गोष्ट लिहायला तिसरा-चौथा टप्पा, ‘गिमेल’ आणि ‘दालेत’, तरी पाहिजेच. तिथे क्रियापदांची सातही रूपकुळं पक्की होतात. ती कच्ची ठेवून पुढे गेलात तर नंतर संपादकाला शब्दामागे पैसे देऊन ती दुरुस्त करून घ्यावी लागतात. मी अर्धी कच्चीच ठेवली होती.

बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरातून आलेल्यांना एक फायदा असतो, आणि त्या फायद्यातच खोट असते. अक्षरं आपल्याला लहानपणापासून येतात. मुंबईत १८३२ साली जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. १८४६ साली मराठी भाषांतरासकट हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. घरोघरी प्रार्थनेचं पुस्तक होतंच. पण ती अक्षरं छापील, खाली-वर स्वरचिन्हं असलेली. इथे माणसं हाताने लिहितात ती वळणं निराळी असतात, आणि गद्य छापतात ते स्वरचिन्हांशिवाय. ‘निकूद’ म्हणजे ती स्वरचिन्हं फक्त कवितेत, मुलांच्या पुस्तकांत आणि धर्मग्रंथांत उरली आहेत. तेव्हा पहिलं काम म्हणजे हाताचं वळण गिरवणं. रोज एक पान, दोन महिने पुरतात.

दुसरी खोट कानाची. प्रार्थनेतून भाषा आलेल्याच्या हातून गोष्टीतही तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, चालीचे शब्द पडतात. मी एक गोष्ट ‘वायेही’ने, म्हणजे ‘आणि असे घडले’ने सुरू केली होती. हिब्रू वाचकाला तो शब्द ऐकताच डोळ्यांपुढे शास्त्र उभं राहतं. गोष्ट होती इथल्या लोद गावच्या बसथांब्यावरची. उलट उल्पानची भाषा इतकी सपाट की तिच्यात भांडणसुद्धा अर्ज भरल्यासारखं वाटतं. मधली, घरातली भाषा कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. ती रांगेत आणि बसमध्ये ऐकून वहीत टिपून ठेवावी लागते. माझ्या तीन वह्या भरल्या. पैकी दोन दवाखान्याच्या बाकावर.

पहिल्या सहा महिन्यांतली मोठी चूक म्हणजे मी आधी मराठीत लिहून मग हिब्रूत उतरवत होते. दोन गोष्टी तशा केल्या आणि दोन्ही टाकून दिल्या. मराठी वाक्य क्रियापदाकडे दमादमाने जातं, हिब्रूला क्रियापद लवकर हवं असतं. वरून मराठी-हिब्रू जाडजूड शब्दकोश हाताशी नसल्याने वाटेत इंग्रजी शिरते. मराठीतून इंग्रजी, इंग्रजीतून हिब्रू, आणि शेवटी वाक्याला तिन्हीची चव राहत नाही. एप्रिल २०२२ पासून थेट हिब्रूत लिहू लागले. दिवसाला दीडशे शब्द, वाईट असले तरी चालतील, अडलेल्या जागी मराठी शब्द तसाच देवनागरीत ठेवून पुढे जायचं. संध्याकाळी फक्त ते देवनागरी शब्द सोडवायचे. ही पद्धत शेवटपर्यंत टिकली.

आता मराठी माणूस नेमका कुठे अडतो ते सांगते. हे कुठल्या उल्पानमध्ये सांगत नाहीत, कारण तिथल्या शिक्षिकेला मराठी येत नसते.

नाती आधी घ्या. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, सगळ्यांना हिब्रूत ‘दोद’. त्यांच्या बायका, आत्या आणि मावशीसुद्धा, सगळ्या ‘दोदा’. मग वाटतं, मराठी शब्दच ठेवू. ठेवून बघा. ‘मामा’ वाचला की हिब्रू वाचकाला आई आठवते. ‘काकी’ हा तर इथल्या बाळबोलीत ‘शी’ला शब्द आहे. माझ्या गोष्टीत एक प्रेमळ काकी होती. कार्यशाळेत पहिला परिच्छेद वाचला आणि मंडळी हसू दाबत राहिली, मला पान उलटेपर्यंत कारण कळेना. शेवटी तिला नावानिशी हाक घातली आणि नातं एकदाच, ‘वडिलांच्या धाकट्या भावाची बायको’ असं सांगून टाकलं. मामाला ‘आईचा भाऊ’ केलं. मावशी मात्र ‘मावशी’च ठेवली, तिच्यावर हिब्रूत कुठला अपघात होत नाही.

‘तुम्ही’ नाही. पुरुषाला ‘अता’, बाईला ‘अत’, मग ती सासू असो की शेजारची पोर. ‘अहो आई, चहा घेता का?’ हे ‘अत’ घालून लिहिलं की सून उद्धट वाटते, निदान मराठी कानाला. यावर हिब्रूतच उपाय आहे. मोठ्या रब्बींशी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंशी, बोलताना लोक तृतीयपुरुषात बोलतात. तसंच ‘इमा रोत्सा ते?’, म्हणजे ‘आईंना चहा हवा?’ असं लिहिलं की आदर येतो आणि वाक्यही अस्सल राहतं. पुस्तकभर त्या सुनेने सासूला एकदाच ‘अत’ म्हटलं आहे, भांडणात.

नपुंसकलिंगही नाही. ‘ते लेकरू’, ‘ते पोर’ म्हणून मुलगा की मुलगी हे मराठी दोन पानं लपवू शकते. हिब्रूत क्रियापदासकट सगळं उघडं पडतं. त्यावर मला उपाय सापडला नाही. ती गोष्ट वगळली.

संख्यांचं लिंग उलटं. तीन मुलगे ‘श्लोशा बानिम’ आणि तीन मुली ‘शालोश बानोत’. दिसायला स्त्रीलिंगी असलेलं रूप पुल्लिंगी नामाला लागतं. याबाबत घाबरू नका, इथे जन्मलेलेही बोलताना चुकतात. त्याचा उपयोग कसा करायचा ते पुढे येईल.

काळ कमी आहेत. ‘आला’, ‘आला आहे’, ‘आला होता’ या तिन्हींना एकच ‘बा’. आधी घडलेलं दाखवायचं तर ‘क्वार’, म्हणजे ‘आधीच’, जोडावं लागतं. पण आपलं ‘यायचा’, ‘येत असे’ मात्र थेट जुळतं: ‘हाया बा’. आठवणींच्या गोष्टी लिहिणाऱ्याने हे रूप पहिल्या दिवशी पाठ करावं. आणि ‘हा’ हे निश्चयदर्शक उपपद आपल्याकडे नसल्याने विसरतंच. ‘ते मोठं घर’ म्हणताना ते नामालाही लागतं आणि विशेषणालाही: ‘हाबायित हागादोल’. त्याच्या आधीचं ‘एत’ फक्त निश्चित कर्मापुढे येतं. माझ्या पहिल्या कच्च्या खर्ड्यात संपादकाने सर्वांत जास्त लाल केलेली जागा हीच.

आता आनंदाची गोष्ट. टपटप, गुणगुण, बडबड, खुदखुद यांच्याशिवाय मराठी माणसाचं पान हलत नाही. मला वाटलं होतं हे सगळं सोडावं लागणार. तर हिब्रूत चार अक्षरी धातूंची अशीच एक वसाहत आहे. थेंब थेंब पडणं ‘तिफ्तेफ’, गुणगुणणं ‘झिमझेम’, बडबडणं ‘पितपेत’, अडखळत बोलणं ‘गिमगेम’, सळसळणं ‘रिश्रेश’, खुदुखुदु हसणं ‘त्सिख्केक’. हे नाद नामांसारखे सुटे नसतात, क्रियापदातच मुरलेले असतात. पावसाची गोष्ट मी याच एका शोधावर पुन्हा लिहिली, आणि ती एकटीच कुणी फारशी दुरुस्त केली नाही.

मराठी शब्द हिब्रू अक्षरांत लिहिण्याचे नियम मी उशिरा शिकले, तुम्ही आधी शिका. क साठी ‘कोफ’ वापरा, ‘काफ’ नको, कारण काफ शब्दाच्या मध्ये ‘ख’ वाचला जातो. त आणि ट दोन्हींसाठी ‘तेत’. व साठी ‘वाव’, ‘बेत’ नको. दंत्य च, म्हणजे चूल आणि चमचा यांतला, तो हुबेहूब ‘त्सादी’ आहे, काही जोडायला नको. चहातला किंवा चिकाच्या हलव्यातला तालव्य च मात्र त्सादीवर ‘गेरेश’चा फराटा देऊन होतो. ज साठी तसाच फराटा ‘गिमेल’वर. ळ, ण, भ, ठ यांना जागाच नाही, त्यांचा शोक करू नये. आपल्या गाववाल्या आडनावांतला शेवटचा ‘कर’ सुटा वाचला तर हिब्रूत ‘थंड’ होतो, तोही सोसावा.

‘मलिदा’ने मात्र दोन दिवस खाल्ले. मेम, लामेद, योद, दालेत आणि ‘हे’. स्वरचिन्हांशिवाय ही पाच अक्षरं हिब्रू वाचक ‘मिलेदा’ अशी वाचतो, म्हणजे ‘जन्मापासून’. पोहे, गूळ, नारळ आणि फळं घातलेलं एलियाहू हन्नवी या संदेष्ट्याच्या नावाचं ताट, आणि वाचणारा म्हणतो, ‘सगळे जन्मापासूनभोवती बसले’. वाक्य मोडतं. उपाय सोपा निघाला. शब्द पहिल्यांदा येईल तिथे एकदाच निकूद द्यायचा, पुढे मोकळा सोडायचा. विंडोजवर आधी अक्षर टाइप करून मग उजवा ऑल्ट दाबून कोफची कळ दाबली की त्याखाली ‘कामात्स’, म्हणजे ‘आ’चं चिन्ह, उमटतो, म्हणजे मेमचा ‘मा’ होतो. सबंध कवितेला स्वरचिन्हं द्यायची असतील तर डिक्टाचं ‘नकदान’ हे साधन इंटरनेटवर फुकट आहे. पण त्याचा निकाल ओळीओळीने तपासा, घरगुती आणि परके शब्द ते चुकवतं.

ऑक्टोबर २०२२ ला गावच्या सार्वजनिक वाचनालयातल्या लेखन-कार्यशाळेत नाव घातलं. वर्षाचे ९६० शेकेल, महिन्यातून दोन बैठका. आम्ही अकरा जण. तीन रशियन बोलणारे, एक अम्हारिक, एक स्पॅनिश, बाकी इथले. ज्यांची हिब्रू उसनी त्यांनी एकमेकांचे खर्डे तपासू नयेत, हे तिथे कळलं. एकाची चूक दुसऱ्याला बरोबर वाटते. एक तरी वाचक इथे जन्मलेला, आणि शक्यतो साहित्याशी संबंध नसलेला हवा. ‘असं कुणी बोलत नाही’ एवढंच त्याने सांगायचं.

नाटकवाल्यांचा हेवा वाटायचा. रशियातून आलेल्या नटांनी १९९१ साली उभारलेल्या गेशेर रंगमंडळाने पहिलं नाटक रशियनमध्ये केलं, आणि मग तेच नट उच्चार घोटून हिब्रूत उभे राहिले. मॉस्कोत १९२२ साली हबिमा या हिब्रू नाट्यसंस्थेचं ‘दिब्बूक’ हे नाटक बसवणाऱ्या वाख्तान्गोव्ह यांना तर हिब्रू येतच नव्हती. नटाचा परका हेल प्रेक्षक ऐकतो आणि माफ करतो. कागदावर हेल दिसत नाही, फक्त चूक दिसते.

ऑक्टोबर २०२३ ला युद्ध सुरू झालं आणि कार्यशाळा बंद पडली ती पुन्हा भरली नाही. सायरनच्या त्या महिन्यांत लिहिणं झालं नाही. फक्त वहीतल्या नोंदी नीट लावल्या. जानेवारीत पुन्हा बसले.

आणि बसले ती ‘आपल्याकडे’पाशी. ही एक जागा सविस्तर सांगते. गोष्ट अशी: ठाण्याहून लग्न करून आलेली सून, लोदमधली सासू, घरात मलिद्याची तयारी. पहिल्या पानावर सासू म्हणते, ‘आमच्याकडे नारळ असा नाही खवत.’ शेवटच्या पानावर, तसाच नारळ खवताना, म्हणते, ‘आपल्याकडे नारळ असाच खवतात.’ मराठीत बास. ‘आमच्या’चं ‘आपल्या’ झालं, सून घरात आली. कुणी काही समजावायला नको. हिब्रूत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्हींना ‘अनाख्नू’. ‘आमच्याकडे’ आणि ‘आपल्याकडे’ दोन्हींना ‘एत्स्लेनू’. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या पानावर सासू तोच शब्द तसाच म्हणते, आणि गोष्ट जिथल्या तिथे राहते.

तीन आठवडे गेले. ‘एत्स्लेनू, तुझ्याकडे नि माझ्याकडे’ असं करून पाहिलं, ते भाषणासारखं झालं. ‘तूही आता आमचीच’ लिहून पाहिलं, ते मालिकेतलं वाटलं. तळटीप द्यायचा विचार केला आणि लाज वाटली. शेवटी शब्दाचा नाद सोडला. सासू दोन्ही वेळा ‘एत्स्लेनू’ म्हणते. पहिल्या वेळी ती विळीवर स्वतः बसलेली आहे. शेवटच्या वेळी उठते, विळी सुनेकडे सरकवते, पातं तिच्या बाजूला नको म्हणून फिरवून, आणि अर्धी खवलेली वाटी तिच्या हातात देते. मराठीत जे काम सर्वनाम करत होतं ते हिब्रूत हाताला करावं लागलं. विळी म्हणजे काय हेही मग वाचकाला आपोआप कळलं: जमिनीवर बसून, एक पाय पाटावर दाबून, पुढच्या दातेरी टोकावर नारळ फिरवायचा. एरवी त्याचं वर्णन कुठे घुसवायचं हा प्रश्नच होता.

तुमच्या खर्ड्यात अशी अडलेली जागा आली तर प्रतिशब्द शोधण्याआधी ती वस्तू किंवा ती हालचाल शोधा, एवढं मी खात्रीने सांगेन.

जून २०२४ ला खर्डा संपला. सुमारे २१,००० शब्द. इथे संपादनाचा हिशेब शब्दांवर किंवा ‘गिल्योन दफूस’वर होतो, म्हणजे मोकळ्या जागांसकट २४,००० अक्षरांचा एक गिल्योन. माझे पाच भरले. दर विचारताना हे दोन्ही आकडे हाताशी ठेवा, नाहीतर तुलना करता येत नाही.

एका प्रकाशन संस्थेने लेखकानेच खर्च भरायचा या बोलीवर मोठी रक्कम सांगितली, त्यात प्रती किती आणि हक्क कुणाचे ते स्पष्ट नव्हतं. विचारल्यावर उत्तर यायला पाच आठवडे लागले, म्हणून तो नाद सोडला. दोन नियतकालिकांना एकेक गोष्ट पाठवली होती. एकाकडून सात महिन्यांनी दोन ओळींचा नकार आला, दुसऱ्याने पावसाची गोष्ट घेतली. मानधन नाही, दोन अंक मिळाले. तरी पाठवाच. छापून आलेली एक गोष्ट हाताशी असली की संपादक फोन उचलतात. नवागत असाल तर स्थलांतर आणि एकीकरण मंत्रालयाचं कलाकारांसाठीचं केंद्रही विचारून पाहा. तिथे समितीकडून कलाकार म्हणून मान्यता घ्यावी लागते, आणि समितीपुढे छापील काम ठेवता आलं तर बरं.

संपादन दोन प्रकारचं, आणि क्रम महत्त्वाचा. आधी ‘अरिखा सिफ्रुतित’, म्हणजे साहित्यिक संपादन, जिथे गोष्टी कापल्या-जोडल्या जातात. मग ‘अरिखा लशोनित’, म्हणजे भाषेची दुरुस्ती. उलटा क्रम लावलात तर दुरुस्त केलेली पानं कापली जातात आणि नव्या पानांसाठी पुन्हा पैसे जातात. साहित्यिक संपादनाचे मला शब्दामागे २५ अगोरोत (शंभर अगोरोतचा एक शेकेल) पडले, ५,२५० शेकेल. संपादक ‘ओसेक पातूर’, म्हणजे छोटा व्यावसायिक असल्याने त्यावर कर नव्हता. भाषादुरुस्तीचे १० अगोरोत, २,१०० शेकेल. ठरलं नोव्हेंबर २०२४ मध्ये, बिल आलं जानेवारी २०२५ मध्ये, आणि १ जानेवारीपासून मूल्यवर्धित कर १७ चा १८ टक्के झाला होता. एकवीस शेकेलचा फरक पडला, पण करार करताना ‘करासह की कराविना’ हे लिहून घ्यायची सवय तरी लागली.

भाषादुरुस्तीत खरी गडबड झाली. फाइल परत आली तेव्हा लोदची सासू विद्यापीठात शिकवत असावी अशी बोलत होती. तिच्या तोंडचे सगळे संख्यांचे घोळ, चौदाच्या चौदा, सुधारले होते. ‘शालोश बानिम’चं ‘श्लोशा बानिम’. साठ सालात कोकणातून आलेली, बाजारात हिब्रू शिकलेली बाई असं बोलणार नाही. दोष संपादकाचा नव्हता, त्याचं कामच ते. मी आधी सांगायला हवं होतं. म्हणून फाइल पाठवतानाच सोबत एक पान द्या: कुठलं पात्र कुठल्या चुका करतं, कुठले मराठी शब्द हात न लावता ठेवायचे, मलिद्याला निकूद कुठे. आणि दुरुस्त्या नेहमी खुणांसकट मागा, साफ केलेली फाइल कधीच घेऊ नका. मला १,१०० खुणा एकेक करून मान्य किंवा अमान्य करायला सतरा दिवस लागले. सुमारे साठ परतवल्या. बाकीच्या निमूट घेतल्या, आणि त्यात शिकायला मिळालं ते उल्पानमध्ये मिळालं नव्हतं.

‘इमा’वरून वाद झाला तो खरं तर वाद नव्हताच. हिब्रू भाषा अकादमीच्या पूर्ण लेखनाच्या नियमांनी आई या शब्दात योद हवा, घराघरांत लोक योदशिवाय लिहितात. कुठलंही एक घ्या आणि पुस्तकभर तेच ठेवा. शंका असेल तर अकादमीच्या संकेतस्थळावर शोधा, बहुतेक प्रश्नांची उत्तरं तिथे आधीच लिहिलेली असतात.

मांडणीला १,८०० आणि मुखपृष्ठाला १,५०० शेकेल. अर्पणपत्रिकेत मला दोन ओळी मराठी हव्या होत्या. पहिलं प्रूफ आलं त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उलट बाजूला आणि जोडाक्षरं पाय मोडलेली. ‘लिहिणाऱ्या’ हा शब्द तर ओळखू येईना. मांडणीकाराला देवनागरी वाचता येत नव्हती, त्याला ते नक्षीसारखं ठीकच दिसत होतं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावला की हे सुटतं, आणि फॉन्ट युनिकोड हवा. तरीही शेवटचं प्रूफ कागदावर छापून स्वतः पाहा. मुखपृष्ठाबाबत एकच: हिब्रू पुस्तक उजवीकडे बांधलेलं असतं, चित्र त्या हिशेबाने द्या. माझ्या पहिल्या नमुन्यात पुढचं चित्र मागच्या बाजूला गेलं होतं.

छपाई २०० प्रती, प्रतीमागे २२ शेकेल, ४,४०० अधिक कर ७९२. पानं सोळाच्या पटीत बसवली की कोरी पानं उरत नाहीत, म्हणून १२८. सगळा मिळून खर्च १६,२२० शेकेल, कार्यशाळा आणि टपाल सोडून. चार हप्त्यांत, दहा महिन्यांत गेला.

आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा, अर्ज छपाईच्या दीड महिना आधी करा. इस्राएलचे क्रमांक ९७८-९६५ ने सुरू होतात. छापील आणि डिजिटल आवृत्तीला वेगळे क्रमांक लागतात. दुकानात ठेवायचं असेल तर ‘दानाकोड’ हा इथल्या पुस्तकविक्रीचा क्रमांकही विचारला जातो, मला तो नसल्याने एका दुकानाने परत पाठवलं. हक्कांच्या पानावर प्रकाशकाचं नाव-पत्ता आणि वर्ष हवं. स्वतः छापत असाल तर प्रकाशक तुम्हीच. मी हिब्रू वर्ष ५७८५ आणि २०२५ दोन्ही दिली. आणि छापून झालं की तीस दिवसांच्या आत राष्ट्रीय ग्रंथालयाला दोन प्रती, आपल्या खर्चाने. पोस्टानेही चालतं. मी स्वतः गेले, नवी इमारत बघायची होती म्हणून. क्नेसेतच्या, म्हणजे संसदेच्या, समोर, २०२३ साली उघडलेली. काउंटरवरच्या बाईंनी पुस्तक उघडून अर्पणपत्रिकेवर बोट ठेवलं, ही कुठली लिपी विचारलं, फॉर्मवर शिक्का मारला. एकूण वीस मिनिटं.

शंभराच्या आसपास प्रती आता बाहेर आहेत. ‘मायबोली’ हे इथलं मराठी नियतकालिक वाचणाऱ्या पिढीतल्या लोदच्या आणि अश्दोदच्या बायका विचारतात, आम्हाला मराठीत कधी? म्हणून गेल्या आठवड्यात नारळाची गोष्ट मराठीत घ्यायला बसले. शेवटचं पान आलं. आता ‘आपल्याकडे’ पुन्हा हाताशी आहे, आणि विळीही सरकून झालेली आहे. दोन्ही ठेवलं तर एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखं होतं. सासूला दोन्ही वेळा ‘आमच्याकडे’च म्हणू दिलं. विळी सरकवताना पातं फिरवते ते राहू दिलं.